पाल्याचा अर्क आणि पेरलेलं बी: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण बांधावरच्या झाडांच्या पाल्यातून, सालीतून, मुळांतून जे काही पाण्यात उतरतं त्याचा शेजारच्या पिकाच्या उगवणीवर काय परिणाम होतो यावर एक छोटा लेख दिला होता. त्यात मुख्य मुद्दा एवढाच होता की गिरिपुष्पासारख्या (ग्लिरिसिडिया) काही झाडांचा अर्क बी रुजू देत नाही आणि काही झाडांचा अर्क पातळ करून दिला तर वाढीला उलट मदत होते. त्यावर मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत इतके मेसेज आणि पत्रं आली की सगळी छापणं शक्यच नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि पेरणी तोंडावर आलीय तर ज्याचा लगेच उपयोग होईल ते आधी घेतेय.

लांजा तालुक्यातून एक शेतकरी विचारतात: ताई नमस्कार, आमच्या वरकस जमिनीच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभळीची रांग आहे, वडिलांनी लावलेली. तिच्या शेजारच्या पट्ट्यात नाचणी नीट उगवतच नाही, जी उगवते ती पिवळी राहते. मोबाईलवर वाचलं की या झाडाच्या पाल्याच्या पाण्याने बी मरतं. सगळी रांग तोडून टाकावी का?

दादा, कुऱ्हाड लावायची घाई करू नका, झाड नक्की कशाने नडतंय ते आधी बघूया, कारण नडायचे प्रकार चार आहेत आणि पाल्याचा अर्क हा त्यातला फक्त एक आहे.

एका झाडाने सोडलेल्या रसायनांचा दुसऱ्या वनस्पतीवर जो बरावाईट परिणाम होतो त्याला शास्त्रात अ‍ॅलेलोपॅथी म्हणतात. हे नाव ऑस्ट्रियाच्या हान्स मोलिश यांनी १९३७ साली दिलं, पण अक्रोडाखाली दुसरं काही धड येत नाही हे लोकांना त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडात जुग्लोन नावाचं द्रव्य असतं, त्याने टोमॅटोसारखं पीक उभं सुकतं. तुमच्या बाभळीत जुग्लोन नाही, तिच्यात टॅनिन आणि फिनॉल जातीची द्रव्यं आहेत. पाला भिजला की ती पाण्यात उतरतात, पाणी चहासारखं तांबूस होतं ते त्यामुळेच. बी रुजताना आतल्या पिठाची साखर व्हावी लागते, ते काम करणारं एन्झाइम यातल्या काही द्रव्यांमुळे मंदावतं, शिवाय मुळाच्या टोकाशी पेशी वाढायचं कामही अडतं, त्यामुळे बी कधी रुजतच नाही तर कधी रुजून मूळ आखूड राहतं. बी जेवढं बारीक तेवढा त्रास जास्त, कारण त्याच्याकडे स्वतःची शिदोरी कमी असते, म्हणून नाचणी आणि वरी लवकर दबतात, कुळीथ आणि वाल त्यामानाने तग धरतात.

आता हे झालं लॅबच्या बशीतलं. शेतात गोष्ट बदलते आणि मोबाईलवरच्या त्या लेखांमध्ये नेमकं हेच गाळलेलं असतं. लॅबमध्ये वाळलेला पाला कुटून पाच टक्के, दहा टक्के, कधी वीस टक्के असा अर्क काढतात आणि थेट बियावर घालतात. तुमच्या जमिनीत तो अर्क मातीला चिकटतो, त्यातले जिवाणू आणि बुरशी तो खाऊन टाकतात, आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलीमीटर पाऊस पडतो, जांभ्याच्या मातीतून पाणी भराभर खाली जातं, मग हा अर्क तिथे टिकणार किती दिवस? माझ्या मते आपल्याकडे खरा धोका फक्त सुरुवातीच्या सरींचा. पाऊस संपल्यापासून मे अखेरपर्यंत साचलेला पातेरा, म्हणजे गळलेला वाळका पाला, पहिल्यांदा भिजतो तेव्हा त्यातलं सगळ्यात कडक पाणी उतरतं, आणि नेमकं त्याच वेळी धूळवाफेवर, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीत, पेरलेलं बी जमिनीत असतं. चार चांगले पाऊस झाल्यावर पेरलं तर तोच पातेरा फारसं काही करत नाही.

बाकीचे तीन प्रकार म्हणजे सावली, मुळांची पाण्याअन्नासाठीची ओढाताण, आणि पातेऱ्याचा नुसता थर. ऑस्ट्रेलियन बाभळीचं पान म्हणून आपण ज्याला बघतो तो खरं तर चपटा झालेला देठ असतो, चामड्यासारखा, तो लवकर कुजत नाही, त्याची चटईच होते आणि नाचणीचा नाजूक कोंब तिच्यातून वर येऊच शकत नाही. शिवाय असा कडक पाला ओला नांगरून मातीत घातला की तो कुजवायला जिवाणू जमिनीतला नत्र वापरतात आणि पीक पिवळं पडतं. तुम्ही पिवळेपणा लिहिलाय म्हणून मला यावर जास्त संशय येतोय.

तेव्हा यंदा एवढं करा, त्या पट्ट्याचे तीन तुकडे पाडा. एक आहे तसा ठेवा, दुसऱ्यातला पातेरा मे महिन्यातच खरवडून पूर्ण उचला, तिसऱ्यातला पातेरा उचला आणि झाड आणि पीक यांच्यामध्ये दीड-दोन फूट खोल चर मारून बाभळीची मुळंही तोडा. तिन्हीकडे एकाच दिवशी एकच बियाणं पेरा. दुसरा तुकडा सुधारला तर दोष पातेऱ्याचा होता, तिसराच सुधारला तर मुळांचा, तिन्ही सारखेच मार खाऊन उभे राहिले तर सावली, मग फांद्या छाटायच्या. उचललेला पातेरा फेकू नका आणि पेटवूही नका, शेणकाला आणि गिरिपुष्पाच्या ओल्या पाल्याबरोबर खड्ड्यात थर देऊन कुजवा. काळा भुसभुशीत होऊन त्याला मातीचा वास आला की त्यातली नडणारी द्रव्यं बहुतेक संपलेली असतात, तेव्हा तो खुशाल शेतात घाला. आणि एवढं करूनही झाड काढायचंच ठरलं तर एकदम सगळी रांग काढू नका, सड्यावरची माती धरून ठेवायला तिथे दुसरं काहीतरी उभं राहिलं की मग काढा. ऐन, किंजळ, शिवण ही आपली झाडं आधी मधे मधे लावून घ्या. बांधावरची झाडं एकदा गेली की ती परत उभी राहायला पिढी जाते, म्हणून मी एवढं पोटतिडकीने लिहितेय.

गुहागर तालुक्यातल्या शाळेतून काही विद्यार्थी विचारतात: ताई, आम्हाला विज्ञान प्रदर्शनासाठी झाडांच्या अर्काचा बियांवर परिणाम हा प्रयोग करायचा आहे. आमच्याकडे लॅब नाही. घरच्या सामानात होईल का?

होईल, आणि अगदी नीट होईल, मला तुमचा प्रश्न सगळ्यात जास्त आवडला. सामान काय तर बशा, टिश्यू पेपर, स्वयंपाकघरातला छोटा काटा, मोजपट्टी आणि वही. बी कुळथाचं किंवा मुगाचं घ्या, दोन्ही भराभर रुजतात. भाताचं पण घ्या, त्याला थोडा जास्त वेळ लागेल पण कोकणातला प्रयोग आहे आणि भात नाही असं कसं चालेल. बी घरात खायला आणलेलं असेल तरी चालेल फक्त पॉलिश केलेलं नको आणि भात तुसासकट हवं.

पाला सावलीत वाळवा, उन्हात नको. चुरून त्याची पूड करा. दहा ग्रॅम पूड शंभर मिली पाण्यात चोवीस तास भिजत ठेवा, मग सुती फडक्यातून दोनदा गाळा, हा झाला तुमचा दहा टक्क्यांचा अर्क. त्यातच पाणी घालून पाच, अडीच आणि एक टक्क्याचा बनवा. एकच जोर घेऊन थांबू नका कारण यातली सगळी मजा जोराच्या फरकात आहे, पुष्कळदा दहा टक्क्याला बी दबतं आणि एक टक्क्याला साध्या पाण्यापेक्षाही मूळ लांब येतं, हे तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. अर्क रोजचा रोज करा नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा, आपल्या दमट हवेत तो दुसऱ्या दिवशी आंबतो आणि मग बी कशाने मेलं ते कळत नाही.

प्रत्येक बशीत पेपरच्या दोन घड्या, त्यावर सारखी पंचवीस बिया, एकमेकांना न चिकटता. प्रत्येक अर्काच्या चार बशा करा म्हणजे शंभर बिया होतील आणि टक्केवारी काढायला सोपं जाईल. आणि साध्या पाण्याच्या चार बशा हव्यातच, त्यांच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना काही अर्थच नाही, या बशांना कंट्रोल म्हणतात. सगळ्या बशा एकाच खोलीत, एकाच उजेडात, झाकून ठेवा आणि सगळ्यांना मोजून सारखंच पाणी किंवा अर्क घाला, चमच्याने मोजा, अंदाजाने ओतू नका.

रोज एकाच वेळी बघायचं. मूळ दोन मिलीमीटर बाहेर आलं की ते बी रुजलं असं धरायचं. तिसऱ्या दिवशी कुळथाच्या बशा शेजारी शेजारी ठेवून नुसत्या बघत बसा. साध्या पाण्याच्या बशीत मूळ पांढरं शुभ्र, टोकाकडे किंचित निमुळतं, आणि त्याच्या थोडं वर बारीक लव दिसेल, ती लव म्हणजे मूळकेस, झाड पाणी तिथूनच ओढतं. कडक अर्काच्या बशीत मूळ आलेलं असलं तरी ते जाड, आखूड, टोकाला तपकिरी असेल आणि लव जवळपास नसेल. कोंब मात्र दोन्हीकडे बराच सारखा दिसेल. मुळाला आधी आणि जास्त मार बसतो, कारण पाण्याशी पहिली गाठ त्याचीच पडते, म्हणून नुसते किती रुजले ते मोजून थांबू नका, मूळ आणि कोंब मोजपट्टीने मोजा. सातव्या दिवशी उगवणीची टक्केवारी गुणिले रोपाची सरासरी लांबी करा, उदाहरणार्थ नव्वद टक्के उगवण आणि दहा सेंटीमीटर रोप तर नऊशे, याला जोम निर्देशांक म्हणतात आणि बियाण्याच्या लॅबमध्येही हाच हिशोब करतात.

एक बारीक गोष्ट जी परीक्षक नक्की विचारतील, अर्क घट्ट असला की त्यात विरघळलेल्या पदार्थांमुळेच बियाला पाणी ओढायला जड जातं, मिठाच्या पाण्यात होतं तसं, मग तो परिणाम विषारी द्रव्याचा नसून नुसत्या घट्टपणाचा असू शकतो. म्हणून एक-दोन टक्क्यांना पण परिणाम दिसतोय का त्याला जास्त महत्त्व द्या. झाडं कुठली घ्यायची तर बाभूळ, काजू, आंबा, नीलगिरी, साग, गिरिपुष्प, कडुनिंब यातली तुमच्या आजूबाजूला जी आहेत ती. आणि जमलं तर त्याच अर्काचा प्रयोग शेतातली माती भरलेल्या करवंट्यांमध्ये पण करा, बशीतला आणि मातीतला फरक दाखवलात तर तुमचा प्रयोग भल्याभल्यांच्या पुढे जाईल. रिझल्ट आम्हाला जरूर पाठवा, फोटोसकट.

कुडाळहून एक वाचक विचारतात: आमच्याकडे अजून दाढ, म्हणजे भाताची रोपं करायची जागा, भाजतात. ऐनाची कवळं (पानांसकट तोडलेल्या फांद्या), पातेरा, शेण घालून पेटवायचं आणि मग तिथे तरव्याचं, म्हणजे लावणीच्या रोपांचं, बी पेरायचं. आजोबा सांगायचे, "भाजल्याशिवाय तरवो बरो येना नाय." कृषी सहाय्यक म्हणतात भाजू नका. धुरात पण झाडाचा अर्क असतो आणि तो बियाला चांगला असं कुणीतरी सांगितलं, ते खरं का?

आजोबांचं म्हणणं अनुभवाचं आहे आणि त्यामागे कारणं आहेत. भाजल्याने वरच्या थरातलं तणाचं बी आणि किडीची अंडी मरतात, राखेतून पालाश मिळतं आणि आपली जांभ्याची माती आम्ल असते ती थोडी निवळते, म्हणून तरवा काळाभोर येतो. धुराचं म्हणाल तर तेही खरं आहे, लाकूड-पाला जळताना कॅरिकिन नावाची द्रव्यं तयार होतात, २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी पहिलं असं द्रव्य ओळखलं, वणव्यानंतर रानात एकदम नवी रोपं उगवतात त्यामागे ही द्रव्यं असतात आणि अगदी सूक्ष्म प्रमाणात ती बियाला जागं करतात. पण भाताच्या चांगल्या बियाण्याला जागं करायची गरजच नसते, ते नुसत्या पाण्यात मोड काढतं, त्यामुळे तरव्याला जो फायदा होतो तो मुख्यतः राखेचा आणि तण मेल्याचा, धुराचा वाटा त्यात मोठा आहे असं मला वाटत नाही.

आणि किंमत बघा ना. एवढ्याशा दाढीसाठी दरवर्षी ऐनाची किती कवळं तोडली जातात, कित्येक गावात ऐन म्हणजे वर चार फांद्यांचं झुबकं ठेवलेला खांब झालाय. पाल्यातला नत्र धूर होऊन जातो, वरच्या थरातला सेंद्रिय भाग जळतो. त्यापेक्षा गादीवाफा करा, चांगलं कुजलेलं शेणखत घाला, आणि राख हवीच असेल तर भाताच्या तुसाची काळी राख वाफ्यात मिसळा, तिच्यातून सिलिका मिळते आणि रोप ताठ होतं. चारसूत्री भात लागवडीत पहिलं सूत्र हेच आहे, भाताच्या अवशेषांचा पुन्हा वापर. बियाणं पेरायच्या आधी तीन टक्के मिठाच्या पाण्यात टाका, म्हणजे दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ, तरंगणारं पोल, म्हणजे पोकळ बी, काढून टाका, खाली बसलेलं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा आणि मग बीजप्रक्रिया करा. एवढं केलंत की निम्मं काम झालं. तण मात्र हाताने काढावं लागेल, ते कष्ट वाढतात हे मी नाकारत नाही, घरात माणसं नसतील तर हा भाग अवघडच जातो. मग निदान अर्धी दाढ भाजा, अर्धी गादीवाफ्यावर करा आणि दोन्हीकडचा तरवा उपटून मुळं शेजारी शेजारी धरून बघा.

मंडणगडहून एक ताई विचारतात: गिरिपुष्पाचा पाला भातात घालतो तो चांगला, असं सगळे सांगतात. पण मागच्या लेखात गिरिपुष्पाचा अर्क बी दाबतो असं होतं. मग घालायचा का नाही?

घालायचा ताई, बिनधास्त. गिरिपुष्पाच्या पाल्यात कुमारिनसारखी द्रव्यं आहेत, ताज्या पाल्याचा घट्ट अर्क बारीक बियांना दाबतो, हे बरोबर. पण तुम्ही तो पाला खाचरात चिखलणीच्या वेळी, लावणीच्या आठवडाभर आधी गाडता, तो कोवळा असल्यामुळे पाण्यात झपाट्याने कुजतो, आणि मग तिथे बी नाही तर वीस-पंचवीस दिवसांचं मूळ धरलेलं रोप जातं, त्याला काही होत नाही उलट नत्र मिळतो. चारसूत्रीत दुसरं सूत्र गिरिपुष्पाचंच आहे. चुकतं कुठे, तर भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ किंवा वाल टाकताना कुणी वर ताजा पाला पसरतं, किंवा रहू पेरताना म्हणजे मोड आलेलं बी चिखलात टाकताना कालच गाडलेला पाला असतो, तिथे उगवण विरळ होते. बी पेरायचं असेल तर पाला आणि पेरणी यात दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवा, रोप लावायचं असेल तर आठवडा पुरतो.

वेंगुर्ल्याहून एक काकी विचारतात: परड्यात मिरची, वांगी, दोडकी लावते. शहाळ्याच्या पाण्यात किंवा शेवग्याच्या पाल्याच्या रसात बी भिजवलं तर लवकर रुजतं असं ऐकलं. करू का?

करून बघा काकी, दोन्हीला आधार आहे. नारळाच्या पाण्यात साखर, खनिजं आणि सायटोकायनिन गटातली वाढीची द्रव्यं असतात. १९४१ साली व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ नारळाच्या पाण्याच्या मदतीने बाटलीत वाढवले, तेव्हापासून टिश्यू कल्चरमध्ये ते सर्रास वापरतात, आर्किडची रोपं करतात तिथे तर विचारूच नका. शेवग्याच्या पाल्यातही झियाटिन नावाचं सायटोकायनिन भरपूर असतं, त्याचा रस तीसपट पाणी घालून पिकावर फवारतात.

फक्त दोन गोष्टी सांभाळा. शहाळ्याच्या पाण्यात साखर असते, बी त्यात रात्रभर ठेवलंत तर आपल्या हवेत बुरशी धरते, म्हणून एक वाटी शहाळ्याच्या पाण्याला चार-पाच वाट्या साधं पाणी, त्यात सहा-सात तास, मग धुऊन सावलीत कोरडं करून पेरायचं. शेवग्याचा रस घट्ट देऊ नका, घट्ट दिलात तर तोच रस उगवण दाबतो. आणि दुसरं, नुसत्या साध्या पाण्यात भिजवल्यानेही बी लवकर रुजतं, त्यामुळे थोडं बी साध्या पाण्यात, थोडं रसात भिजवा, शेजारच्या दोन ओळीत पेरा आणि मग ठरवा. बियाणं ताजं आणि चांगलं असेल तर फार फरक दिसणार नाही, जुनं झालेलं घरचं बी असेल तर दिसायची शक्यता जास्त.

चिपळूणहून विचारतात: दशपर्णी अर्क उरलाय, त्यात भाताचं बियाणं भिजवलं तर कीड लागणार नाही ना?

नका भिजवू. त्यात कडुनिंब, करंज, निर्गुडी, कण्हेर, रुई, सीताफळ असा दहा झाडांचा पाला आंबवलेला असतो, तो पातळ करून पानावर फवारायचा आहे, बियावर थेट घातलात तर उगवण कमी होऊ शकते. कडुनिंबाचा आणि करंजाचा फायदा हवा असेल तर पेंड वापरा, दोन्ही पेंडी जमिनीतल्या नत्राचं रूपांतर सावकाश होऊ देतात, त्यामुळे पावसात नत्र कमी वाहून जातो, याच कारणाने सरकारने २०१५ साली देशातला सगळा युरिया निंबोळीचं तेल लावूनच विकायचं बंधन घातलं. पेंड पेरणीच्या पंधरा दिवस आधी मातीत मिसळा, बियाला चिकटून घालू नका.

अलिबागहून एक तरुण शेतकरी विचारतात: बाजारात झाडांच्या अर्काची बाटली मिळाली, विक्रेता म्हणाला शंभर टक्के उगवण होते. पैसे बरेच गेले. वापरू का?

भाऊ, शंभर टक्के उगवण कुठलाही अर्क देऊ शकत नाही. बियात जीवच नसेल तर वरून काहीही लावा, ते उगवणार नाही. भाताच्या प्रमाणित बियाण्याला सुद्धा किमान ऐंशी टक्के उगवणीचीच अट आहे. बाटलीवर काय लिहिलंय ते नीट वाचा. २०२१ पासून वाढ वाढवणारे असे वनस्पती अर्क, म्हणजे बायोस्टिम्युलंट, खत नियंत्रण आदेशाखाली आलेत, तेव्हा लेबलवर उत्पादकाचं नाव पत्ता, घटक, प्रमाण, कुठल्या पिकाला किती वापरायचं, बॅच आणि तारीख हे सगळं पाहिजे. नुसतं नैसर्गिक आणि चमत्कारी एवढंच लिहिलेलं असेल तर पक्कं बिल घेऊन तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा, संकोच करू नका, तुमच्यामागून घेणारे दहा जण वाचतील. पैसे गेलेच आहेत तर शंभर बिया त्या अर्कात आणि शंभर साध्या पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळा, आठवड्यात कळेल. सगळं बियाणं त्यात बुडवू नका म्हणजे झालं.

देवगडहून विचारतात: हापूसच्या जुन्या कलमांखाली काहीच येत नाही. आंब्याच्या पाल्यामुळे का? काय लावू?

थोडा वाटा पाल्याचा, मोठा वाटा सावलीचा आणि वरच्या थरातल्या मुळांचा. बी पेरायच्या भानगडीत पडू नका, हळद लावा. हळदीचा गड्डा असतो, त्याच्यात स्वतःचं अन्न भरपूर साठलेलं असतं त्यामुळे पाल्याच्या पाण्याने तो बारीक बियासारखा दबत नाही, आणि तिला अर्धी सावली चालते. खोडापासून पाच-सहा फूट जागा मोकळी सोडा, पातेरा बाजूला काढून गादीवाफे करा, हळद लावून झाली की तोच पातेरा वर आच्छादन म्हणून पसरा, गड्ड्याचा कोंब जाड असतो तो त्यातून वर येतो. गेल्या वर्षीचा अर्धवट कुजलेला असेल तर अजून बरं. आणि मोहोराच्या वेळी कलमाला पाणी लागू नये म्हणून हळदीला उशिरापर्यंत पाणी देत बसू नका, पाऊस गेल्यावर जेवढी ओल राहील तेवढ्यावर येऊ द्या.